विकणाऱ्यासकट बोट

...आणि वर तोंड करून मलाच विचारतात, "मॅल्कम, घेताना नीट तपासली नव्हतीस का रे?" तपासली नव्हती का? अहो, तुम्हाला सांगतो, ग्लेनिसच्या वडिलांनी मुलगी देताना मला तपासलं नसेल एवढी आम्ही ती बोट तपासली. वरून तपासली, खालून तपासली, पाण्यातून बाहेर काढून तपासली, पोटावर पडून तपासली, आणि माझा मेहुणा नेव्हिल तर तपासता तपासता तिच्या पलंगाखाली अडकला आणि त्याला पाय धरून ओढून काढावं लागलं, इतकी तपासली. सगळं तपासलं हो आम्ही, सगळं.

आता तुम्ही बोट घ्यायला निघालाय म्हणून सांगतोय, नाहीतर मला काय पडलीये. बसा जरा. तुमचा चहा येईपर्यंत होईल सांगून.

मी जन्मभर स्टोकला गालिचे विकले. ग्लेनिस शाळेच्या स्वयंपाकघरात. दोघं निवृत्त झालो, पोरं आपापल्या घरी, आणि एक दिवस ग्लेनिस भांडी घासता घासता खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "मॅल्कम, ही शेजाऱ्याची भिंत मी किती वर्षं बघतेय?" मी म्हटलं, रंग बदलायला सांगू का त्याला? तर म्हणाली, "भिंत नको. मला रोज वेगळी खिडकी हवी." आता रोज वेगळी खिडकी कुठे मिळते सांगा... कालव्यावर. घर विकायचं, लांबुळकी लोखंडी बोट घ्यायची, आणि उरलेलं आयुष्य बदकांच्या वेगाने हिंडायचं. मी हो म्हणून बसलो. तुम्हाला वाटतं मला नाही म्हणता आलं असतं? तुम्ही ग्लेनिसला भेटला नाहीत.

आणि इथे नेव्हिल आला. ग्लेनिसचा भाऊ. या माणसाने कधीकाळी भाड्याची बोट घेऊन एक सुट्टी काढली होती, बास, तेव्हापासून कालव्यातली बदकं याला विचारून पोहतात. म्हणाला, "तू काही बोलू नकोस मॅल्कम, तू फक्त मान हलव. बघायचं काम माझं." आणि सुरू झाला. बोट बघायला जाताना आधी कळवायचं नाही. का? कळवलं की विकणारा इंजिन गरम करून ठेवतो, गरम इंजिन काय कुणाचंही चालू होतं, थंड इंजिन चालू झालं पाहिजे. म्हणून आल्याआल्या इंजिनाला हात लावायचा. मग धूर बघायचा. काळा असेल तर वेगळं दुखणं, निळा असेल तर वेगळं, पांढरा असेल आणि थांबेचना तर सरळ गाडीत बसून घरी जायचं. मी म्हटलं, धूर नसलाच तर? म्हणाला, मग इंजिन चालू झालेलं नाही.

पहिली बोट बघितली... काय सजवलेली! पितळ लखलखतंय, पडद्यांना लेस, आणि आत ताज्या पावाचा वास. ग्लेनिस तिथेच विरघळली. नेव्हिल माझ्या कानात म्हणतो, वासावर जाऊ नकोस, कुठला वास झाकायला पाव भाजलाय ते बघ. आणि सरळ गेला मागच्या पायऱ्यांपाशी, खालची फळी उचलली, तर आत पाणी. म्हणजे जे पाणी बोटीच्या बाहेर असायला पाहिजे ते आत, त्यात एक चमचा पडलेला, आणि कडेला शेवाळ. म्हणजे कालचं-परवाचं नव्हे, संसार थाटलेलं पाणी. विकणारी बाई शांतपणे म्हणाली, "ते तिथे असतंच." जसं काही मांजर आहे.

दुसरी बोट कोरडी ठणठणीत, पण इतकी लांब की उत्तरेकडच्या निम्म्या लॉकमध्ये, म्हणजे बोट वर-खाली करणाऱ्या त्या दारांच्या हौदांत, मावणारच नाही. मी म्हटलं, मग उत्तरेला नाही जायचं. तर ग्लेनिस म्हणाली, उत्तरेलाच जायचंय. आधी कधी बोलली नव्हती हो उत्तरेबद्दल! तिसऱ्या बोटीत खिडक्यांखाली लाकडावर तपकिरी ओघळ, म्हणजे पाऊस आत येतो. चौथीत पलंग आखूड. चौथीचा मालक म्हणाला, तिरकं झोपायचं. दोघांनी तिरकं झोपायचं म्हणजे कसं, ते काही त्याने सांगितलं नाही.

आणि संडास... तुम्हाला सांगतो, बोटवाल्यांइतकं संडासावर बोलणारी माणसं जगात नसतील. दोन पंथ आहेत. एका पंथात डबा भरला की हातात धरून चालत जाऊन ओतायचा, दुसऱ्या पंथात बोटीखाली टाकी आणि ती धक्क्यावर जाऊन उपसून घ्यायची. हे दोन पंथ एकमेकांकडे जेवत नाहीत. आम्ही एका घरी बोटीची चौकशी करायला गेलो, नवरा-बायकोत त्यावरून जी जुंपली, ती आम्ही कोट घालून बाहेर पडलो तरी चालूच. पण ते पण तपासलं आम्ही. सगळं तपासलं.

मग मार्केट ड्रेटनला ही बोट दिसली. हिरवी, जरा जुनी, बाजूला पिवळ्या अक्षरांत नाव, 'नोरा मे'. आणि मागच्या बाजूला सुकाणूला टेकून उभा एक उंच, वाळलेला म्हातारा. आर्नल्ड टनिक्लिफ. ऐंशीच्या घरातला, डोक्यावर टोपी, तोंडात न पेटवलेला पाइप. नेव्हिलने काही विचारायच्या आतच म्हातारा म्हणाला, "इंजिन थंड आहे, हात लाव." नेव्हिलचा चेहरा बघायला हवा होता. लावला हात. थंड. म्हाताऱ्याने किल्ली फिरवली, इंजिन असं चालू झालं की जणू झोपेतून उठून कुणी हूं म्हणालं. धूर आला, गेला. नेव्हिल फळीकडे निघाला, तर म्हातारा म्हणाला, "डावीकडची उचल, उजवीकडची आवळलीय." खाली कोरडं. धूळ होती हो, धूळ! ग्लेनिस तोवर खिडक्या उघडून-मिटून बघत होती, आणि मी... आता मी जन्मभर जे केलं तेच केलं. खाली बसलो आणि गालिचा बघितला. उत्तम माल, कडा हाताने शिवलेल्या. म्हटलं, "गालिचा झकास आहे." म्हाताऱ्याने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. म्हणाला, "नोराने निवडला."

नोरा म्हणजे त्याची बायको. वारली त्याला दोन हिवाळे झाले होते. गुडघे गेले म्हणून मुलगी बोट विकायला लावतेय, एवढं बोलला आणि पाइप पुन्हा तोंडात.

तरी आम्ही तेवढ्यावर थांबलो का? नाही. तज्ज्ञ आणला. ऑर्मरॉड नावाचा. बोट पाण्याबाहेर काढली, आणि हा गृहस्थ हातोडी घेऊन सकाळपासून तिच्या पोटावर टकटक, टकटक, डॉक्टर छातीवर वाजवतात तसा, आणि प्रत्येक वेळी, "हं." मी विचारलं, चांगलं हं की वाईट हं? तर म्हणाला, "हं." तळाला लावलेले ते धातूचे ठोकळे असतात ना, गंज लोखंडाला सोडून त्यांना खातो, ते कितपत खाल्लेत ते बघितलं. हं. पत्रा किती जाड उरलाय ते यंत्र लावून बघितलं. हं. गॅसची नळी, सुकाणू, बोट ढकलणारा पाण्यातला पंखा. हं, हं, हं. शेवटी हातोडी पिशवीत टाकली आणि म्हणाला, "घ्या." एवढंच. त्याच्या बायकोलासुद्धा त्याने याहून जास्त शब्दांत मागणी घातली नसेल.

घेतली. घर विकलं होतं, पैसे तिकडे गेले, पलंग-कपाटं मुलांनी नेली. आता ती बोट म्हणजे आमचं घर, आमची पुंजी, आमचं म्हातारपण, सगळं त्या एका हिरव्या डब्यात. आर्नल्डने किल्ल्या दिल्या, टोपीला हात लावला आणि काठाच्या पायवाटेने निघून गेला. ग्लेनिसच्या डोळ्यांत पाणी. मी म्हटलं, रडतेस काय, सुटलो.

सुटलो!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अजून लेंग्यात, तर छपरावर टकटक. बघतो तर आर्नल्ड. "पोरा, ग्रीस फिरवलंस का?" मी सहासष्ट वर्षांचा, मला पोरा. मागे पंख्याचा दांडा बोटीतून पाण्यात जातो, तिथे थेंबथेंब पाणी आत येतं, म्हणून तिथली ग्रीसची पितळी मूठ रोज जराशी पिळायची असते. मी म्हटलं, फिरवतो. म्हणाला, "आत्ता." फिरवलं. म्हणाला, "जास्त झालं." आणि गेला.

तिसऱ्या दिवशी पुन्हा. "शेगडीत हा कोळसा घालू नकोस, धुराडं तुंबतं." चौथ्या दिवशी पुन्हा. "दोर असा बांधायचा नसतो." त्यानंतर, "डाव्या टाकीचं पाणी आधी वापर, नाहीतर बोट कलते." अहो, माझी बोट, मला कलती आवडत असेल! पण हा रोज. नॅन्टविचला मुलीकडे राहायचा, तिथून बस पकडून यायचा. मी ग्लेनिसला म्हटलं, आपण निघू इथून. निघालो. अॅडर्लीची लॉकं उतरलो, पुढे जाऊन बांधली बोट, निवांत खुर्ची टाकून बसलो, तर पायवाटेवरून टोपी येतेय. आता तुम्हीच सांगा, ज्या वाहनाला चालणारा माणूस मागे टाकतो, त्यातून पळून जाणार कुठे? आम्ही दिवसभर जेवढं जायचो तेवढं तो बसमध्ये बसून, पाइप तोंडात धरून, उलट आमच्याआधी पोचायचा. एकदा तर मी मुद्दाम पुलाखाली बांधली. पुलावरून वाकून म्हणाला, "इथे बांधायची नसते."

आणि ग्लेनिस? मला वाटलं ती माझ्या बाजूने असेल. ती त्याला ओटकेक, म्हणजे आमच्याकडची ओटच्या पिठाची धिरडी, भाजून घालायची! चीज आणि बेकन घालून, गरम गरम. आणि तो खाताना म्हणायचा, "नोरा चीज कडेपर्यंत पसरायची." मी मनात म्हटलं, आता बघ ही कशी पेटते. चाळीस वर्षांत मी तिच्या स्वयंपाकाला नाव ठेवून दाखवावं! तर ही म्हणाली, "हो का?" आणि दुसऱ्या दिवशी चीज कडेपर्यंत.

एके दिवशी आम्ही बाजारातून आलो तर बोटीत दोन कप धुऊन पालथे घातलेले. ग्लेनिस म्हणाली, मी नाही. मी म्हटलं, मी तर नाहीच नाही. म्हणजे या माणसाकडे अजून एक किल्ली आहे! मी भडकलो. त्याला विचारलं तर शांतपणे म्हणाला, "बॅटऱ्या बघायला आलो होतो. कप पडले होते तसेच." म्हणजे घरात घुसला ते राहिलं बाजूला, आम्ही कप धुतले नाहीत हा गुन्हा. मी म्हटलं किल्ली द्या. खिसे चाचपले, म्हणाला, "दुसऱ्या कोटात राहिली." त्याच्याकडे दुसरा कोट नव्हता हो. आख्ख्या वसंतात एकच कोट बघत होतो मी.

नेव्हिलला फोन केला. म्हटलं, बाबा रे, तू इंजिन बघितलंस, तळ बघितलास, फळीखाली बघितलंस. म्हातारा कसा नाही बघितलास? तर म्हणतो, "कागदपत्रांत त्याचा उल्लेख नव्हता." सगळं तपासलं हो आम्ही, सगळं!

मग ऑडलेमचा दिवस. तिथे कालवा टेकडीवरून खाली उतरतो, एकामागून एक लॉकं, पाण्याच्या पायऱ्याच म्हणा. बोट भरलेल्या हौदात न्यायची, मागचं दार लावायचं, पुढच्या झडपा उघडायच्या, पाणी जातं आणि बोट हळूहळू खाली बसते. सोपं आहे. फक्त एक लक्षात ठेवायचं. मागच्या दाराखाली पाण्यात दगडी उंबरठा असतो, पाणी उतरलं की तो वर दिसायला लागतो, आणि बोटीची मागची बाजू त्यावर राहिली तर पुढची बाजू खाली जाते, मागची लटकते, आणि बोट नाकावर बुडते. भिंतीवर पांढरी रेघ असते, तिच्या पुढे राहायचं. आर्नल्डने मला हे इतक्या वेळा सांगितलं होतं की झोपेत मी म्हणायचो म्हणे, रेघ, रेघ.

त्या दिवशी तो आलाच होता. मी झडपा उघडायला काठावर, ग्लेनिस आत, म्हणून तिने त्याला सांगितलं, "आर्नल्ड, तुम्हीच धरा ना सुकाणू." मला न विचारता. त्याचा चेहरा असा झाला... जाऊ द्या. मी म्हटलं, चला, निदान बोलणार तरी नाही. पुढच्या दारापाशी गेलो, झडपा उघडल्या, पाणी जायला लागलं. मी हँडलला टेकून टेकडीवरच्या मेंढ्या बघत होतो. आणि आतून भांडी पडल्याचा आवाज आला. एक भांडं नाही, सगळीच.

वळून बघतो तर बोट तिरकी. पुढचं नाक खाली चाललंय, आणि मागची बाजू वर, त्या उंबरठ्यावर चढलेली. आणि आर्नल्ड सुकाणू धरून उभा, समोर बघतच नाहीये, केबिनच्या दारातून आत बघतोय. मी ओरडलो, त्याने मान वर केली नाही. आणि ग्लेनिस आत होती हो.

मी कसा पळालो मला माहीत नाही. एक झडप बंद केली, दारावरच्या फळीवरून पलीकडे गेलो, दुसरी बंद केली. पाणी जायचं थांबलं. बोट तशीच तिरकी, लोखंड दगडावर करकरतंय. मग मागे पळत गेलो आणि मागच्या दाराच्या झडपा अगदी थोड्या, अगदी थोड्या उघडल्या, कारण घाई केली तर ते पाणी सरळ बोटीवर येतं. हेसुद्धा त्यानेच घोकून घेतलं होतं माझ्याकडून. पाणी चढायला लागलं. मी तिथे उभा राहून ग्लेनिसला हाका मारतोय, तर तिचा आतून आवाज आला, "मी आहे, मी आहे, बरणी धरून बसलेय." कसली बरणी? लोणच्याची. जीव जातोय आणि ही कांद्याच्या लोणच्याची बरणी धरून बसलीय.

बोट उंबरठ्यावरून सुटली, सपाट झाली. सुकाणूची मागची पट्टी जरा वाकली, कपबशा फुटल्या, बाकी काही नाही. मी बोटीवर उतरलो तेव्हा माझ्या तोंडात एवढ्या शिव्या जमल्या होत्या की कुठली आधी काढू कळेना. आणि आर्नल्ड... तो खाली बसला होता. छपराला धरून. इतका लहान दिसला तो मला.

म्हणाला, "आतून कपांचा आवाज आला. नोराची चहाची वेळ ती. मला वाटलं..."

ग्लेनिस वर आली, त्याच्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाली, "चहा घ्या." त्याने नको म्हणून मान हलवली. खिशातून, त्याच एकुलत्या एक कोटाच्या खिशातून, किल्ली काढली, छपरावर ठेवली, आणि काठाची शिडी चढून गेला. गुडघ्यांवर हात ठेवत, एकेक पायरी. बसच्या थांब्याकडे.

आणि मग यायचा बंद झाला.

आता तुम्ही म्हणाल, सुटलास मॅल्कम. मला पण तेच वाटलं. पहिल्या सकाळी मी लेंग्यात, चहा घेऊन, पाय पसरून बसलो. शांत. दुसऱ्या सकाळी पण शांत. मग लक्षात आलं, मी छपराकडे कान लावून बसलोय. दोर बांधायचा आणि पायवाटेकडे बघायचं, कुणी चुकलं म्हणतंय का. ग्लेनिस ओटकेक भाजायची, सवयीने एक जास्त, आणि तो एक बशीत पडून राहायचा, चीज कडेपर्यंत पसरलेला, आणि आमच्यापैकी कुणी त्याला हात लावायचं नाही. शेवटी बदकांना. मी म्हटलं, ग्लेनिस, हे काय चाललंय? आपलं घर तो बुडवत होता, तू आत होतीस. तर म्हणाली, "मी आत होते म्हणूनच सांगते, जाऊन बघून ये त्याला."

कुठल्या तोंडाने जाऊ? काय सांगू? आठवण आली म्हणून? त्या माणसाला? मग मी काय केलं... हसू नका. मागे गेलो, पान्हा घेतला, आणि ज्या ठिकाणी मी कित्येक सकाळी ग्रीस पिळलं होतं तिथला नट मीच सैल केला. थेंबथेंब होतं त्याची धार लागली. आता कसं, आता कारण आहे. ग्लेनिसला बादली दिली आणि बस पकडली.

नॅन्टविचला त्याच्या मुलीने दार उघडलं. कॅरल नाव तिचं, थकलेली दिसली. म्हणाली, "तुम्हीच का ते गालिचेवाले?" म्हणजे घरी माझं बोलणं होत होतं. "दिवसभर बूट घालून बसतात हो. विचारलं कुठे जायचंय, तर म्हणतात कुठे नाही." मागच्या खोलीत नेलं. खिडकीसमोर खुर्ची, खुर्चीत हा, आणि खिडकीतून काय दिसतं? एका मोठ्या दुकानासमोरची, गिऱ्हाइकांनी गाड्या लावायची जागा. माणसं येतायत, मागचं दार उघडून पिशव्या टाकतायत, जातायत.

मला बघून उठला नाही. म्हणाला, "पट्टी सरळ केलीस का सुकाणूची?"

"केली."

"मी तुमचं घर बुडवलं असतं, पोरा."

मी म्हटलं, "हो, बुडवलं असतं. आता उठा, मागून पाणी येतंय."

"ग्रीस फिरव."

"फिरवलं. थांबत नाही."

माझ्याकडे बघितलं त्याने. मग टोपी उचलली. कॅरलने मागच्या मागे एक पिशवी आणून माझ्या हातात दिली, त्याचा दाढीचा डबा, स्वेटर, सगळं भरलेली. कधी भरून ठेवली होती कोण जाणे. हीसुद्धा वाटच बघत होती.

बोटीवर आलो. गुडघे टेकून वाकला, बॅटरी मारली, बघितलं. पान्हा मागितला. दोन वेढ्यांत धार बंद. हात पुसले आणि म्हणाला, "हा आपोआप सैल होत नाही." मी मेंढ्यांकडे बघितलं. तिथे मेंढ्या नव्हत्या. ग्लेनिसने ओटकेक ठेवले.

खाऊन झाल्यावर, जरा बरा मूड बघून, मी विचारलं. म्हटलं, आर्नल्ड, एक सांगा, ही एवढी चांगली बोट, कोरडी, इंजिन गुणी, आमच्याआधी कुणी आलंच नव्हतं का बघायला?

"आले होते की. बरेच."

"मग?"

"एक तर जहाजावरचा इंजिनिअर होता. आल्याआल्या कागदावर सही करायला तयार. एक जोडपं जन्मच बोटीवर काढलेलं. तुमच्यापेक्षा सगळे जास्त देत होते."

"मग त्यांना का नाही दिली?"

पाइप काढला तोंडातून. म्हणाला, "त्यांना सगळं येत होतं."

मला कळलं नाही लगेच. ग्लेनिसला कळलं, ती भांडी उचलायला वळली. म्हातारा म्हणाला, "तुझा तो मेहुणा पलंगाखाली अडकला, तू गालिच्याकडे बघत बसलास. मी म्हटलं, ह्यांच्याकडे मला रोज यावं लागेल."

आता बोला! आम्ही तळ बघितला, इंजिन बघितलं, नेव्हिल, ऑर्मरॉड, हातोडी, हं, हं, हं... आणि तिकडे तो सुकाणूला टेकून मला तपासत होता. आणि मी पास झालो हो, काही येत नाही म्हणून पास झालो, आयुष्यात पहिल्यांदा.

मी चिडलो म्हणता? चिडलो ना. अजून चिडलेलोच आहे. आठवड्यात चार दिवस हा आमच्या पुढच्या केबिनमध्ये झोपतो, पहाटे उठून माझा दोर सोडून पुन्हा बांधतो, सुकाणूला मात्र हात लावत नाही, मी धरलं की शेजारी उभा राहतो आणि म्हणतो, रेघ. ग्लेनिसला उत्तरेला जायचंय, त्याला पण उत्तरेलाच जायचंय, मला कुणी विचारलेलं नाही.

तर तुम्ही बघा हं बोट घेताना. तळ बघा, धूर बघा, फळीखाली बघा. बाकी मी काय सांगणार... बरं, चहा आला तुमचा. मी उठतो. मला पलीकडच्या दुकानात जायचंय, पुढच्या केबिनला गादी घ्यायला. त्याचे पाय बाहेर येतात, आणि म्हणे टणक हवी.